ओढ्याला पाताळाचं पाणी नसतं

पाऊस थांबून महिने लोटले तरी एखादा छोटा ओढा वाहतच असतो. मग लोक सांगतात, 'त्याला पाताळाचं पाणी आहे, ते कधी आटायचं नाही.' युरोपातही समुद्राचं पाणी जमिनीखालून डोंगरात चढतं, असं शतकानुशतकं मानत. १६७४ साली फ्रान्सच्या पिएर पेरो यांनी सरळ हिशेब मांडला: सेन नदीच्या उगमाकडे पडणारा पाऊस तिथल्या प्रवाहाच्या सुमारे सहापट भरला. पाताळाची गरजच उरली नाही!

ओढ्याच्या काठाशी उकिडवं बसून पाहा. वर भुसभुशीत माती, खाली चिकणमाती आणि दोन्हींच्या सांध्यावर शेवाळलेली ओली रेघ. पाणी पाझरतं ते तिथून. हा मुरलेला पाऊस. कधी गेल्या हंगामातला, कधी बऱ्याच वर्षांपूर्वीचा. गंमत म्हणजे पुरातही अनेकदा बरंचसं पाणी असं जुनंच असतं. नवा पाऊस मुरतो आणि आधीच्याला ओढ्यात ढकलतो. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून, हे कळलं.

आणि 'कधी आटायचं नाही' म्हणाल, तर वरच्या अंगाला विंधनविहिरींचा उपसा वाढला की हाच साठा खाली जातो आणि उन्हाळ्यात ओढ्याची धार तुटते.