बायपासआधी क्रिएटिनिनच्या आकड्यावर थांबू नका

बायपासच्या तयारीत घरातल्यांचं सगळं लक्ष हृदयाकडे असतं. कुठली नळी किती टक्के बंद आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. किडनीबद्दल विचारलं तर उत्तर येतं, "क्रिएटिनिन १.१ आहे, नॉर्मल."

हा १.१ जरा जवळून बघू. तो ३० वर्षांच्या पुरुषाचा असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला सुमारे ९३ मिली निघते. ७५ वर्षांच्या बाईंचा असेल तर हीच क्षमता ५२ च्या आसपास येते. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनी ते रक्तातून गाळून बाहेर टाकते. वयाबरोबर स्नायू झिजले की मुळात ते कमीच तयार होतं, त्यामुळे किडनी थकलेली असूनही रक्तातला आकडा फारसा चढत नाही. क्षमता जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत रिपोर्ट 'नॉर्मल' दिसू शकतो. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर बघायचा, आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करून घ्यायची. किडनीच्या गाळणीतून प्रथिन झिरपत असेल तर ते तिथे कळतं.

पण ऑपरेशन हृदयाचं, त्यात किडनीला धोका का?

दोन्ही किडन्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो आणि दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव त्या गाळतात. एवढं रक्त मिळूनही किडनीच्या आतल्या गाभ्याला ऑक्सिजन जेमतेमच पुरतो. एरवी भागतं, पण रक्तप्रवाह थोडा जरी घटला तरी पहिला फटका या गाभ्याला बसतो.

ऑपरेशनपुरतं हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर बायपास होते तेव्हा नेमकं हेच घडू शकतं. मशीन सहसा रक्त एकसंध धारेने ढकलतं, त्यात नाडीचा ठोका नसतो. मशीनच्या नळ्यांमधल्या द्रवामुळे रक्त पातळ होतं. पंपात काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतलं मोकळं हिमोग्लोबिन किडनीला त्रासदायक ठरतं. महाधमनीला क्लॅम्प लावताना तिच्या भिंतीवरचे चरबीचे बारीक कण सुटून वाहत जाऊ शकतात. धडधाकट किडनी हे बहुतेक वेळा पचवते. आधीच निम्म्यावर आलेल्या किडनीकडे तेवढी शिल्लक नसते.

मग मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास केली तर? मोठ्या चाचणीत ऑपरेशननंतरच्या दिवसांत किडनीला इजा कमी झाली, पण वर्षभराने दोन्ही गटांतल्या किडनीच्या कामात फरक उरला नाही. त्यामुळे तेवढ्यासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. सर्जनचा हात कशात बसलेला आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अँजिओग्राफीचा मुद्दा मात्र सहज निसटतो. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून त्यात टोचलेला डायही किडनीवर ताण आणतो, आणि क्रिएटिनिन वाढायचंच असेल तर ते दोन-तीन दिवसांत वाढतं. दुसऱ्याच दिवशीचा चांगला रिपोर्ट त्यामुळे फसवा असू शकतो. बायपास तातडीची नसेल तर किडनी सावरेपर्यंत थांबता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ऑपरेशननंतर आयसीयूत नर्स तासातासाला लघवीच्या पिशवीकडे का बघतात, तेही यातूनच कळतं. ७० किलोच्या पेशंटला तासाला ३५ मिलीपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, किंवा ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, तर ती किडनीला झालेली तीव्र इजा धरली जाते. अशी इजा बऱ्याच पेशंटना होते आणि बहुतेकांची किडनी सावरते. डायलिसिसची वेळ थोड्यांवरच येते, पण त्यांच्या जिवाचा धोका खूप वाढतो.

हे वाचून कोणी बायपासच नको म्हणू नये, ही कळकळीची विनंती. किडनी मध्यम बिघडलेल्या बऱ्याच माणसांचा मृत्यू डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने होतो. अशा पेशंटला बायपासची गरज कमी नसते, तयारी मात्र जास्त लागते: शरीरात पाणी कमी पडू न देणं, साखर आणि रक्तदाब सांभाळणं, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या कधी थांबवायच्या हे भूलतज्ज्ञांकडून आधीच लिहून घेणं.

घरी आल्यावर छातीची जखम दुखते आणि कोणीतरी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी पुढे करतं. या गोळ्या किडनीवर ताण आणतात, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांनी दिलेलीच वेदनाशामक घ्या. ऑपरेशननंतर किडनीला इजा झाली असेल तर तीन महिन्यांनी ईजीएफआर आणि लघवी पुन्हा तपासून घ्या, तब्येत ठणठणीत वाटत असली तरी.