दाबोळीचा खारा वारा आणि जुनी जेट विमानं

‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ हे वाक्य कोकणात खिडक्या बसवताना हमखास ऐकू येतं. लोखंडी गज चार पावसाळ्यांत सडतात, ॲल्युमिनियमची चौकट टिकते, त्यामुळे ते पटतंही. हाच समज जुन्या विमानांनाही लावला जातो: रंगाचा हात मारा, चौथऱ्यावर उभं करा, झालं जतन! आपल्या जेट विमानांच्या पहिल्या पिढीला हा समज फार महागात पडू शकतो.

त्या पिढीचं कोकणाशी जवळचं नातं आहे. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. कॅनबेरा हे ब्रिटनचं पहिलं जेट बॉम्बर. आपल्या हवाई दलात ते १९५७ ते २००७ असं अर्धशतक राबलं. आपल्याकडच्या बॉम्बर प्रकारात वैमानिक वर काचेच्या छताखाली बसे आणि नॅव्हिगेटर खाली विमानाच्या नाकात. नेम धरताना तो पालथा पडलेला असे. इजेक्शन सीट फक्त वैमानिकाला होती. विमान पडायला लागलं तर नॅव्हिगेटरने बाजूच्या दारातून उडी टाकायची! ते नाक किती अरुंद होतं, हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी खरं विमानच शाबूत राहायला हवं.

नौदलाची सी हॉक विमानं १९७१च्या डिसेंबरात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावर बॉम्ब टाकून आली. त्या जातीचं विमान दाबोळीजवळच्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात पाहता येतं. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण घट्ट. खिडकी टिकते ती त्याच्यामुळे. विमानाला मात्र शुद्ध ॲल्युमिनियम चालत नाही, ते फार मऊ. म्हणून त्यात साधारण ४ टक्के तांबं घालून ड्युरालुमिन करतात. ज्या तांब्यामुळे ताकद येते, तेच समुद्राकाठी घात करतं. धातूत तांब्याने भरलेले सूक्ष्म कण विखुरलेले असतात. वर खाऱ्या पाण्याचा थर आला की हे कण कॅथोड होतात, भोवतालचं ॲल्युमिनियम ॲनोड, म्हणजे झिजणारं टोक, होतं आणि पत्र्याच्या अंगातच हजारो बारीक बॅटऱ्या चालू होतात.

या थराला पाऊसच लागतो असं नाही. फुटत्या लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर येतात, मीठ पत्र्यावर बसतं. साधं मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केसुद्धा पुरतात. म्हणजे भर मे महिन्यातही, हाताला कोरडा लागणारा पत्रा ओला असू शकतो.

आता क्लोराइड आयन पापुद्र्यातली कच्ची जागा शोधतो आणि तिथे खड्डा पडतो. खड्ड्यात विरघळलेले ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन आयन सोडतात, आतला पीएच ३-४ पर्यंत उतरतो. वाढलेला धनभार तोलायला बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढलं जातं. त्या आम्लात पापुद्रा पुन्हा धरत नाही. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो! बाहेरून दिसते ती फक्त पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्याभोवतीची चिमूटभर पांढरी भुकटी. जाड, लाटलेल्या भागांत हा गंज धातूच्या चपट्या कणांच्या सीमांमधून आडवा पसरतो. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे आतले थर खारी बिस्किटासारखे सुटून वर येतात. यावर रंग मारला तर मीठ आतच कोंडलं जातं आणि रंगाखाली फोड धरतात.

नुसतं छप्पर घालूनही भागत नाही. पाऊस निदान मीठ धुऊन नेतो. पंखाच्या खालच्या बाजूला तो पोचत नाही, म्हणून तिथे मीठ साठतं. नियमित गोड्या पाण्याने धुणं, पाणी निचरण्याची छिद्रं मोकळी ठेवणं आणि शेवटी आर्द्रता आटोक्यात ठेवणारा बंद हँगर, हेच खरे उपाय. एकदा लावला की जन्मभर टिकणारा लेप अजून कुणी बनवलेला नाही, जाहिरात काहीही म्हणो.

दुसरीकडे, १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी वैदिक विमान उडवल्याची कथा व्हॉट्सॲपवर फिरतच असते. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा त्यासोबत हवाला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं. खऱ्या विमानांचे खरे साक्षीदार मात्र आता ऐंशीच्या पुढे गेलेत.

त्यांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, कुठल्या कुठल्या घरांत कपाटात पडून आहेत. दमट हवेत कागदाला बुरशी लागते. अशी वही घरात असेल तर ती लॅमिनेट करू नका, त्यात ओल कोंडते. आधी प्रत्येक पानाचा नीट फोटो काढा, मग वही भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुड्या वेळच्या वेळी बदला. ज्यांची वही आहे त्यांच्यासमोर फोन रेकॉर्डिंगला लावून एकेक नोंद वाचून घ्या. त्या दिवशी नाकात कोण होतं, नेम कसा धरला, काय दिसलं, हे त्या तुटक नोंदींत सापडत नाही. ते त्यांनाच विचारा, याच सुट्टीत.