दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने डेस्कटॉप प्रोग्राम चालवणे (लिनक्स)

आपल्याच डेस्कटॉपवर, पण दुसऱ्या खात्याच्या नावाने आणि पासवर्ड न देता एखादा प्रोग्राम चालवण्याची ही पद्धत आहे. ब्राउझर किंवा अनोळखी ठिकाणाहून आणलेला प्रोग्राम वेगळ्या खात्यात ठेवला, की तो आपल्या खाजगी फायलींपर्यंत पोहोचू नये, हा तिचा मुख्य हेतू; मात्र त्यासाठी आपली होम डिरेक्टरी (आपल्या फायलींचे मुख्य फोल्डर) इतरांना बंद असावी लागते, आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारामध्ये ती २१.०४ या आवृत्तीपासूनच मुळात तशी येऊ लागली.

पासवर्डाचा भाग सोपा आहे. १९८० च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात लिहिल्या गेलेल्या ‘सुडो’च्या (दुसऱ्या खात्याच्या नावाने आज्ञा चालवू देणाऱ्या साधनाच्या) नियमांच्या फायलीत, समजा, ‘आशा’ या मूळ वापरकर्त्याने ‘पाहुणा’ या दुसऱ्या खात्याच्या नावाने केवळ फायरफॉक्स चालवावे, अशी ओळ ‘नोपासवर्ड’ या खुणेसह लिहिली की पुरते. ही ओळ ‘व्हीसुडो’ या त्या फायलीच्या खास संपादन-आज्ञेमधूनच लिहावी, कारण ते जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते, चुकीची फाइल जतन झाल्यास सुडो बंद पडू शकते आणि मग ती दुरुस्त करायलाही सुडो हाताशी नसते.

खरी अडचण पडद्याची असते. सुडोने परवानगी दिली तरी ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ असा संदेश देऊन प्रोग्राम बंद होतो, कारण एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीचा (थोडक्यात ‘एक्स’) सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, सहसा १२८ बिटांची गुप्त संख्या मागतो आणि ती ज्या फायलीत असते, ती फक्त मूळ वापरकर्त्याला वाचता येते. एक्सवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘एक्सहोस्ट’ आज्ञेने ‘पाहुणा’ या एकाच स्थानिक खात्याला प्रवेश देणे हा यावरचा योग्य उपाय होय. पुष्कळ जण या आज्ञेला खात्याचे नाव न देता नुसते अधिक चिन्ह (+) देऊन मोकळे होतात. त्याने प्रवेशाची तपासणीच बंद होते, म्हणून ते टाळावे.

तरीही हे विलगीकरण अर्धेच आहे. एक्सवर एकदा प्रवेश मिळालेला प्रोग्राम शेजारच्या खिडकीत दाबलेल्या कळाही टिपू शकतो. म्हणजे फायली सुरक्षित राहिल्या, तरी बँकेचा पासवर्ड तसा राहीलच असे नाही. एक्सची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही उणीव दूर केली. मात्र त्याचे सॉकेट (प्रोग्राम ज्यातून त्याच्याशी जोडले जातात ते दार) मूळ वापरकर्त्याखेरीज कोणालाही न उघडणाऱ्या डिरेक्टरीत असल्यामुळे ‘पाहुणा’चा प्रोग्राम तेथे थेट पोहोचत नाही आणि बहुतेकदा एक्सवेलँडच्या, म्हणजे वेलँडवर एक्सचे प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरच्या, मार्गानेच चालवावा लागतो.