मथळ्यात नाव कोणाचे?

मथळ्यात जेमतेम सहा-सात शब्द मावतात. त्यांतला एखादा नावासाठी खर्च करायचा का, आणि केला तर कोणाच्या, हे बातमीच्या डेस्कवर रोज ठरते. या निवडीला मोठा इतिहास आहे.

सुरुवातीच्या वृत्तपत्रांत आजच्यासारखे मथळे फारसे नसत. बातमी जिथून आली ते शहर आणि तारीख वर छापायची. माणसांची नावे वाचकाने मजकुरात शोधायची. 19व्या शतकात तारेने बातम्या येऊ लागल्या, युद्धांच्या बातम्यांची घाई वाढली आणि मथळाच घटना सांगू लागला. तरी 15 एप्रिल 1865 रोजी अब्राहम लिंकन यांच्यावरील हल्ल्याची बातमी देताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची पहिली ओळ होती नुसती ‘भयंकर घटना’. लिंकन यांचे नाव तिच्याखाली आले. गोळी झाडणारा त्या ओळीत फक्त ‘मारेकरी’ होता.

पुढे जागेने बरेच काही ठरवले. कॉलमची रुंदी ठरलेली, जुळवायचे छपाईच्या अक्षरांचे खिळे मोजके. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आडनावाला इंग्रजीत दहा अक्षरे लागत, ‘आइक’ या त्यांच्या टोपणनावाला तीन. रूझवेल्ट, केनेडी यांची आद्याक्षरेही मथळ्यांत रुळली. पण आद्याक्षरांवरून ओळखू येण्यासाठी माणूस आधीच प्रसिद्ध असावा लागतो. बाकीचे ‘मजूर’, ‘चालक’, ‘महिला’ झाले, किंवा नुसता आकडा: ‘तीन ठार’. जागेची अडचण खरी होती, पण तिचा भार नेहमी एकाच बाजूला पडला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

स्त्रियांच्या वाट्याला तर नावाऐवजी नाते आले. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कोरी कॉगडेल हिने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. 2008च्या बीजिंगनंतरचे हे तिचे दुसरे कांस्य. ‘शिकागो ट्रिब्यून’ने ट्विटरवर बातमी दिली ती स्थानिक अमेरिकन फुटबॉल संघातल्या खेळाडूच्या ‘पत्नी’ने पदक जिंकल्याची. त्या ओळीत तिचे नावच नव्हते. तिथे अक्षरे कमी पडली, असे कोण म्हणेल?

काही नावे मात्र जाणूनबुजून, आणि योग्य कारणाने, गाळली जातात. बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्यावर ब्रिटनमध्ये 1976च्या कायद्याने बंधन आले; भारतात 1983 मध्ये दंडसंहितेत कलम 228अ आले. इथे नाव न छापणे म्हणजे त्या व्यक्तीला पुढचे आयुष्य जगू देणे.

हल्लेखोराचे नाव गाळण्यामागचा विचार वेगळा, आणि बराच जुना. इ.स.पूर्व 356 मध्ये इफिसस या प्राचीन ग्रीक शहरातले आर्टेमिस देवीचे मंदिर हेरोस्ट्रेटस नावाच्या माणसाने जाळले, ते आपले नाव व्हावे म्हणून, असे सांगतात. नगरवासीयांनी त्याच्या नावाचा उच्चारच बंद केला. थिओपॉम्पस या इतिहासकाराने ते नाव लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. मार्च 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यांनंतर न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितले की हल्लेखोराचे नाव त्या कधीही घेणार नाहीत. नावे घ्यायची ती गमावलेल्या माणसांची.

आता कॉलमची रुंदी आड येत नाही. पण लोक सर्चमध्ये नावच टाइप करतात, म्हणून मथळ्याची सुरुवात प्रसिद्ध नावाने करण्याकडे कल वाढला आहे, मग बातमीत त्या माणसाचा संबंध एका वाक्यापुरता का असेना. ज्याच्यावर प्रसंग ओढवला, तो पुन्हा ‘एक तरुण’ म्हणून दुसऱ्या परिच्छेदात सापडतो.