कनेक्शन बंद करणं इतकं अवघड कसं झालं?

इंटरनेटचं कनेक्शन घेताना फॉर्म भरून कार्डचा नंबर टाकायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. तेच कनेक्शन बंद करायला निघाले, तेव्हा वेबसाइटवर त्यासाठी कुठे जागाच सापडेना. होता फक्त एक फोन नंबर. फोन लावला. पहिल्या बाईंनी कॉल पुढे दिला, दुसऱ्या बाईंनी कारण विचारलं, तिसऱ्या माणसाने तीन महिने निम्म्या दरात देऊ केले. चौथ्यांदा “नको, बंदच करा” म्हटल्यावर कॉल होल्डवर गेला आणि तुटला. पुढच्या महिन्याचे पैसे कार्डातून कापले गेलेच. तेव्हा मला वाटलं होतं, कारभार ढिसाळ आहे, दुसरं काय. पण यामागचा इतिहास वाचत गेले, तसा तो समज टिकला नाही.

याचं मूळ इंटरनेटच्या बरंच आधीचं आहे. १९२६ साली हॅरी शर्मन यांनी अमेरिकेत ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ सुरू केला. सभासदाने मुदतीत ‘नको’ असं कळवलं नाही, तर त्या महिन्याचं पुस्तक बिलासकट घरी यायचं. गप्प बसणं म्हणजेच होकार! या पद्धतीला ‘निगेटिव्ह ऑप्शन’ असं नाव पडलं आणि ती इतकी पसरली की १९७३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाला तिच्यासाठी नियम करावा लागला. मात्र हा नियम सभासदांना वस्तू पाठवणाऱ्या योजनांपुरताच होता.

इंटरनेट घरोघर पोचू लागलं, तेव्हा हीच पद्धत सेवेला लागू झाली. एओएल ही त्या काळात अमेरिकेत इंटरनेट देणारी सर्वात मोठी कंपनी. फुकट चाचणीच्या डिस्क ती लोकांच्या पत्रपेटीत टाकायची. चाचणीची मुदत संपली की कार्डावर महिन्याचं बिल सुरू. डिसेंबर १९९६ मध्ये तिने तासांचा हिशोब बाजूला ठेवून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट द्यायला सुरुवात केली. ग्राहकांना ते आवडलं, आणि सोयीचंही होतं. पण मला हाच या कहाणीतला कळीचा क्षण वाटतो. आता खातं विसरून गेलेला माणूस कंपनीच्या सगळ्यात फायद्याचा ग्राहक झाला, कारण तो काहीच वापरत नव्हता आणि पैसे मात्र पूर्ण भरत होता. पुढे ब्रॉडबँड आलं, लोक एओएलचं डायल-अप, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणारं संथ इंटरनेट, सोडून जाऊ लागले आणि जाणाऱ्याला थोपवणं हा कंपनीचा एक वेगळा विभागच होऊन बसला. कॉल सेंटरच्या भाषेत त्याला ‘रिटेन्शन’ म्हणतात आणि परतवलेल्या ग्राहकाला ‘सेव्ह’.

या विभागात काय चालतं, ते २००५ मध्ये उघड झालं. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी केलेल्या चौकशीत दिसलं, की एओएलच्या कर्मचाऱ्यांना ‘सेव्ह’वर बोनस मिळत होता आणि किमान किती ग्राहक परतवायचे याचा आकडाही ठरलेला होता. त्यामुळे ‘बंद करा’ हे शब्द ऐकूनही खाती चालूच राहत होती. कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

तरी जून २००६ मध्ये एका ग्राहकाने असाच एक कॉल रेकॉर्ड करून सगळ्यांसमोर ठेवला. “खातं बंद करा,” हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा सांगतोय. पलीकडचा माणूस म्हणतोय, तुमचं खातं तर वापरात दिसतंय. मग तो विचारतो, “तुमचे वडील आहेत का तिथे?” हा ग्राहक तिशीचा होता. त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढलं गेलं. २००७ मध्ये ४८ राज्यांशी झालेल्या तडजोडीत एओएलने आणखी ३० लाख डॉलर भरले.

जुलै २०१४ मध्ये कॉमकास्ट या अमेरिकेतल्या केबल आणि इंटरनेट कंपनीच्या बाबतीत हेच घडलं. रेकॉर्डिंग आठ मिनिटांचं आहे आणि ती आठही मिनिटं कर्मचारी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतोय, इतकी चांगली सेवा तुम्हाला का नको? कंपनीने माफी मागितली. पण नंतर बाहेर आलेल्या एका अंतर्गत पत्रात वरिष्ठ अधिकाऱ्यानेच कबूल केलं, की या माणसाने जे केलं त्यातलं बरंचसं आपणच त्याला शिकवलं होतं आणि त्याचेच पैसे आपण त्याला देत होतो. ते वाचल्यापासून फोनवरच्या माणसावर चिडणं मी सोडून दिलं आहे. त्याचा पगार माझ्या ‘नाही’शी बांधलेला असतो.

दरम्यान हीच युक्ती स्क्रीनवरही आली होती. ब्रिटनचे डिझायनर हॅरी ब्रिगनल यांनी २०१० मध्ये अशा फसव्या मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं. त्यातल्या एका प्रकाराला त्यांनी झुरळांच्या सापळ्याचं नाव दिलं, कारण आत शिरायला सोपं आणि बाहेर पडायला वाट नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत कायदा झाला, की ऑनलाइन वर्गणी थांबवण्याची ‘सोपी’ सोय हवी. पण सोपी म्हणजे कशी, हे त्यात स्पष्ट नव्हतं आणि पुढची कित्येक वर्षं त्या एका शब्दावर गेली. इंटरनेटवरून फोनसेवा देणाऱ्या व्हॉनेजवर याच कायद्याखाली कारवाई झाली. तिथे नाव नोंदवता यायचं ऑनलाइन, पण सेवा बंद करायला फोनवर माणूस गाठावा लागे, आणि तो नंबरही सहज सापडत नसे. २०२२ मध्ये ग्राहकांना परत देण्यासाठी व्हॉनेजला १० कोटी डॉलर मोजावे लागले.

ज्या वाटेने आत आलो त्याच वाटेने बाहेर पडता यावं, ही साधी मागणी कायद्यात उतरायला इतका वेळ लागला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१८ पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच थांबवता आली पाहिजे असा नियम आला. भारताने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १३ डार्क पॅटर्नची यादी आहे आणि वर्गणीचा सापळा त्यातलाच एक. अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरासाठी ‘क्लिक टू कॅन्सल’ नियम मंजूर केला, पण तो पूर्ण लागू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, अपील न्यायालयाने रद्द ठरवला. आक्षेप प्रक्रियेवर होता. नियमाच्या आर्थिक परिणामांचा जो प्राथमिक अभ्यास आधी करायला हवा होता, तो आयोगाने केला नव्हता. लोकांच्या इतक्या वर्षांच्या तक्रारी त्या एका त्रुटीपायी अडकल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यात मला सगळ्यात नेमका वाटतो तो जर्मनीचा कायदा. १ जुलै २०२२ पासून तिथे वेबसाइटवर करार करू देणाऱ्या कंपनीला करार संपवण्याचं बटण ठेवावंच लागतं, तेही लॉग-इन न करता सापडेल असं. त्यावर क्लिक केलं की एक पान उघडतं, तिथे नाव आणि कराराचा तपशील भरायचा, दुसरं बटण दाबायचं, की झालं. कंपनीने लगेच लेखी पोच द्यायची, तारीख-वेळेसह. आणि हे बटण ठेवलंच नसेल, तर ग्राहक कोणतीही मुदत न पाळता, त्याला हवं तेव्हा करार मोडू शकतो.