कोट शिवायला टाकण्याआधी: फोटो आणा, पण आवडता शर्टही आणा

तुळशीचं लग्न झालं की आमच्या कटिंग टेबलासमोर रोज दोन-तीन जण मोबाईल पुढे करतात. "मास्टर, अगदी अस्साच कोट पाहिजे." फोटो जरूर दाखवा. रंग, कॉलर, बटणं त्यावरून पटकन कळतात. फिटिंग मात्र फोटोवरून ठरत नाही. ते तसंच ठरवायचा हट्ट धरला की तुमचे दोन हेलपाटे वाढतात आणि आमचे चार दिवस जातात.

फोटोतला माणूस बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा उंच असतो आणि हात सोडून एका जागी उभा असतो. जाहिरातीच्या फोटोत तर कोट पाठीमागे चिमट्यांनी आवळलेला असतो. तुम्हाला त्याच कोटात खुर्चीवर बसायचंय, वाकून नमस्कार करायचाय, हार घालायला हात वर न्यायचेत. मागच्या मोसमात एका नवरदेवाने फोटोवर बोट ठेवून कोटाची उंची दोन इंच कमी करायला लावली. आम्ही सांगून पाहिलं. ट्रायलला आरशात पाठ बघितली तर सीट उघडी. खालच्या दुमडीतली दीड इंच माया (शिवणीत राखलेलं जादा कापड) सोडली, तरी अर्धा इंच कमीच पडला. शेवटी कोट नव्याने कापावा लागला, आणि लग्न नऊ दिवसांवर आलं होतं.

म्हणून विनंती अशी की, माप द्यायला येताना तुमचा आवडता शर्ट आणि पँट घेऊन या. इस्त्रीहून कपडे आले की ज्या शर्टाला तुमचा हात आधी जातो, तो आणा. जुना असला तरी चालेल. कॉलर गळ्याशी किती घट्ट आवडते, पँट कमरेवर बांधता की पोटाखाली, हे तो कपडा आम्हाला तुमच्यापेक्षा चांगलं सांगतो. तुमची आवड आम्ही तिथे वाचतो.

ट्रायलला बूट घालूनच या. चप्पल घालून ठरवलेली पँट टाचेच्या बुटावर आखूड दिसते. कोटाखाली जो शर्ट घालणार तोच घाला, म्हणजे बाहीतून अर्धा इंच कफ दिसतो का ते बघता येतं. जाड घड्याळ वापरत असाल तर तेही बांधून या. त्या हाताचा कफ आम्ही पाव इंच सैल ठेवतो.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेतल्या गोलाईबद्दल, मात्र आमचं ऐका. "काखेत सैल करा, हात उचलता आला पाहिजे," असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. होतं उलटंच. मुंढा खाली उतरला की हात वर करताना सगळा कोट त्याच्याबरोबर वर ओढला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेजवळ असेल तर फक्त बाही हलते, कोट जागेवर राहतो. पहिल्या पाच मिनिटांत घट्ट वाटेल, पण ट्रायलला हात डोक्यावर नेऊन बघा.

पहिलाच कोट शिवत असाल तर नेव्ही ब्लू ब्लेझर घ्या आणि त्यावर करडी पँट. लग्नात, मुलाखतीला, ऑफिसच्या कार्यक्रमात कुठेही चालतं. दुसरा घ्यायचा तर काळा बंदगळा. ब्लेझरच्या छातीवर उलटणारी कॉलरची पट्टी (लॅपल) सव्वातीन इंचांच्या आसपास रुंद ठेवली तर दहा वर्षांनीही जुनाट दिसत नाही. पँटचा बॉटम, म्हणजे पायाशी खालचा घेर, हल्ली कोणी तेरा इंच मागतं, कोणी अठरा. आम्ही बहुतेकांना पंधरा-सोळा सुचवतो.

कापडावरचा 'सुपर'चा आकडा लोकरीच्या धाग्याची बारीकी सांगतो. सुपर 100 चा धागा जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन असतो, सुपर 150 चा 16.25. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकाऊ, असं नाही. बारीक धागा मऊ असतो, पण तो लवकर झिजतो. रोज वापरायला सुपर 100 किंवा 110 पुरे. दोन्हींचे तुकडे दुकानात ठेवलेत, हाताने चोळून बघा.

"तीन आठवडे कशाला लागतात?" असंही विचारतात. कोटाच्या छातीत आम्ही कॅनव्हास, म्हणजे आकार धरणारं आतलं कापड, हाताने टाचतो. चिकटवलेलं अस्तर स्वस्त पडतं, काम लवकर होतं, पण हलक्या प्रतीचं असेल तर ड्रायक्लीनला गेल्यावर सुटतं आणि छातीवर फुगे येतात. ट्रायल दोन घेतो, पहिली कच्च्या टाक्यावर. खांद्यात काही बदल असेल तर तेव्हाच सांगा. काजं-बटणं झाल्यावर खांदा उसवायचा म्हणजे अर्धा कोट उसवावा लागतो.

कापड स्वतः आणणार असाल तर आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. मध्यम बांध्याला 58 इंच पन्ह्यात फुल शर्टाला 1.6 मीटर, पँटला 1.2 मीटर आणि सूटला सव्वातीन मीटर लागतं. 36 इंच पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर धरा. सुती आणि लिनन कापड चार दिवस आधी द्या, ते पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच कापतो.

पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडलेली असते. वर्षभरात कंबर वाढली तर एकदा सैल करून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. येताना पावती आणा.