एमिली हान कागदपत्रसंग्रह

एमिली हान कागदपत्रसंग्रह : अमेरिकन पत्रकार व लेखिका एमिली हान (१४ जानेवारी १९०५–१८ फेब्रुवारी १९९७) यांच्या खाजगी व व्यावसायिक कागदपत्रांचा संग्रह. त्याचा मुख्य भाग अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे, इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात (स्थापना १९६०) आहे. शांघाय आणि हाँगकाँगमधील परदेशी वस्तीचे १९३५ ते १९४३ या काळातील रोजचे जगणे, म्हणजे भाडे, नोकर, मेजवान्या, उधारी, प्रेमसंबंध आणि शेवटी युद्ध, एका स्त्रीच्या हातून ताबडतोब कागदावर उतरलेले येथे वाचायला मिळते. त्या काळच्या वकिलातींचे अहवाल आणि व्यापारी कंपन्यांची दप्तरे भरपूर उरली आहेत, पण त्यांत घर सापडत नाही. या संग्रहाचे मोल त्यामुळेच आहे.

हान या विस्कॉन्सिन विद्यापीठातून खाणकाम अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री (१९२६). १९३० च्या दशकाच्या आरंभी त्या बेल्जियन काँगोत राहिल्या. या काळाविषयी संग्रहाबाहेरची साधने तुटपुंजी आहेत आणि अभ्यासकांची भिस्त बहुतेक हान यांच्या छापील पुस्तकांवरच राहते. १९३५ मध्ये त्या बहीण हेलन हिच्याबरोबर शांघायला आल्या. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता, तो आठ वर्षे लांबला.

*पत्रलेखनाची सुरुवात.* हान यांच्या पत्रकारितेचा उगम पत्रांतच आहे, याबद्दल एकमत आहे. तपशील मात्र वादाचा आहे. प्रचलित हकिकत अशी : १९२४ मध्ये त्यांनी एका मैत्रिणीबरोबर पुरुषी वेशात फोर्डच्या मॉडेल टी गाडीतून सुमारे २,४०० मैलांचा (सुमारे ३,८६० किमी.) प्रवास केला, वाटेत बहिणीच्या नवऱ्याला पत्रे लिहिली, आणि त्याने ती त्यांना न सांगता न्यूयॉर्कर साप्ताहिकाकडे धाडली. यातली अडचण उघड आहे. न्यूयॉर्करचा पहिला अंक २१ फेब्रुवारी १९२५ चा आहे आणि हान यांचे लेखन त्यात येऊ लागले ते १९२९ च्या सुमारास. तेव्हा प्रवासातली पत्रे लगेच साप्ताहिकाकडे गेली असणे शक्य नाही. एक तर ती मागाहून पाठवली गेली, किंवा पाठवलेली पत्रे नंतरची होती आणि दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या. दुसरी शक्यता अधिक पटण्याजोगी आहे. शहानिशा करायची तर केवळ लिली ग्रंथालयात बसून भागत नाही. ज्यांना ती पत्रे गेली त्या मिचेल डॉसन यांची कागदपत्रे शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहेत आणि न्यूयॉर्करचे जुने संपादकीय दप्तर न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

हा विखुरलेपणा अपवादात्मक नाही. पत्र हे ज्याला येते त्याच्या घरी राहते. लेखिकेच्या स्वतःच्या संग्रहात आलेली पत्रे आणि, ठेवल्या असल्या तर, गेलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती मिळतात. हान यांच्या बाबतीत आई व बहिणींना लिहिलेली पत्रे कुटुंबाने जपल्यामुळे ती पुन्हा एकत्र आली.

*पत्रांचा काळ ठरवणे.* घरच्या पत्रांवर पुष्कळदा फक्त वार असतो, फार तर तारीख. वर्ष वाचकाने काढायचे. पद्धत साधी आहे, पण तिच्यातल्या पायऱ्या गाळता येत नाहीत. आधी शतवार्षिक पंचांगातून वार आणि तारीख जुळणारी वर्षे काढावीत. समजा एखाद्या पत्रावर ‘गुरुवार, १२ ऑगस्ट’ एवढेच आहे. हान चीनमध्ये होत्या त्या वर्षांत ही जोडी १९३७ आणि १९४३ मध्येच येते. १९४३ साली हाँगकाँग जपानी ताब्यात होते, तेथून अमेरिकेला नेहमीची टपाल जात नव्हती. म्हणजे पत्र १९३७ चे, शांघायमध्ये चीन-जपान लढाई पेटण्याच्या आदल्या दिवसाचे. यानंतर मजकुरातल्या घटना ताडून पाहाव्यात. कागदाचा प्रकार, टंकयंत्रातला एखादा तुटका किंवा वर चढलेला टंक आणि लिफाफ्यावरचा शिक्का हे पुरावे शेवटी घ्यावेत. लिफाफ्यावर विसंबणे धोक्याचे, कारण जुन्या पत्रांची पाकिटे घरच्या घरी हमखास अदलाबदल होतात.

दुसरी चूक टपालाच्या वेगामुळे होते. पॅन अमेरिकन कंपनीची पॅसिफिकवरची विमानडाक नोव्हेंबर १९३५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते मनिला अशी सुरू झाली आणि १९३७ मध्ये हाँगकाँगपर्यंत आली. तोवर, आणि पैसे वाचवायचे असले की त्यानंतरही, पत्रे बोटीने जात व त्यांना तीन-चार आठवडे लागत. त्यामुळे मागून लिहिलेले विमानपत्र आधी पोहोचे आणि उत्तर भलत्याच पत्राला गेल्यासारखे दिसे. ‘तुझ्या मागच्या पत्रात’ म्हणजे नेमके कोणत्या, हे ठरवताना लिहिल्याची आणि पोहोचल्याची अशा दोन तारखांचे वेगळे रकाने आखून काम करावे. एकाच रकान्यात काम उरकणाऱ्यांचा क्रम बिघडतोच.

तिसरी अडचण पैशांची. शांघायहून लिहिलेल्या पत्रांतला ‘डॉलर’ बहुधा चिनी असतो, अमेरिकी नव्हे. नोव्हेंबर १९३५ च्या चलनसुधारणेनंतर चिनी डॉलर साधारण ३० अमेरिकी सेंटच्या आसपास स्थिर होता. १९३८ पासून तो घसरत गेला. भाड्याचा किंवा पगाराचा आकडा तसाच अमेरिकी धरला, तर हान यांचे राहणीमान तिपटीने फुगते. परदेशी वस्तीच्या ऐषारामाच्या काही वर्णनांत नेमके हेच झालेले दिसते.

*व्यवहाराची भाषा.* मराठी वाचकाला शांघायच्या या कागदांत काही शब्द घरचे वाटतील. क्लबात, दुकानात किंवा हॉटेलात रोख न देता सही करून ठेवायच्या कागदाला ‘चिट’ म्हणत, ती आपली चिठ्ठी. महिनाअखेर या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन वसुलीला येणारा तो ‘श्रॉफ’, म्हणजे सराफ. वखारीला ‘गोडाउन’, दुपारच्या जेवणाला ‘टिफिन’ आणि नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला ‘बंड’, म्हणजे बंध किंवा बांध. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि मुंबईच्या व्यापाराबरोबर हे शब्द पूर्वेकडे गेले.

चिठ्ठीवर दिवस, ठिकाण, मागवलेल्या वस्तू आणि सही असते. कोण कोणत्या संध्याकाळी कुठे होते हे सांगायला आठवणीपेक्षा ती कितीतरी भरवशाची. दुर्दैवाने पैसे चुकते झाले की चिठ्ठी फाडून टाकण्याचीच रीत होती. उरल्या असल्या तर बहुधा न भागवलेल्या.

मुंबईशी धागा आणखी एका व्यक्तीमुळे जुळतो. हान यांचे शांघायमधील मित्र व आश्रयदाते सर व्हिक्टर ससून (मृत्यू १९६१) हे पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले त्या डेव्हिड ससून यांचे पणतू. मुंबईत त्यांच्या कापडगिरण्या होत्या आणि केंद्रीय विधिमंडळात ते मुंबईच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी होते. पुढे त्यांनी भांडवल शांघायला हलवले. तेथील कॅथे हॉटेल (१९२९) त्यांचेच. त्यांच्या दैनंदिन्या व छायाचित्रे डॅलस येथील डीगोलियर ग्रंथालयात आहेत, त्या हान यांच्या पत्रांशेजारी ठेवून वाचाव्यात. ससून मोजक्या शब्दांत नोंद करत आणि हान पानभर लिहीत, म्हणून तारीख ससून यांच्याकडून घ्यावी व प्रसंग हान यांच्याकडून.

*शाव शुन्मेई आणि विवाहाचा प्रश्न.* कवी व प्रकाशक शाव शुन्मेई (१९०६–६८) यांच्याशी हान यांचे दीर्घकाळ संबंध होते. सूचीत त्यांना शोधताना निदान तीन नावे पाहावी लागतात : आजच्या लिप्यंतराप्रमाणे शाव शुन्मेई, शांघायी उच्चारावरून झाउ सिनमे, आणि हान यांच्या न्यूयॉर्करमधील शब्दचित्रांतले ‘पान हे-वेन’. खुद्द हान यांनाही घरचे व मित्र ‘मिकी’ म्हणत.

१९३७ च्या लढाईत शाव यांचा छापखाना जपानी ताब्यातल्या भागात अडकला. तो अमेरिकन मालकीचा आहे असे दाखवून परदेशी वसाहतीत हलवण्यासाठी दोघांनी विवाहाच्या अर्थाचा कागद केला, आणि शाव यांच्या पत्नीची त्याला संमती होती, असे हान यांचे निवेदन आहे. शाव यांनी त्यानंतर हान यांच्या नावावर चालवलेल्या इंग्रजी नियतकालिकात १९३८-३९ मध्ये माओ त्से-तुंग यांच्या प्रदीर्घ युद्धावरील व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर क्रमशः आले. भाषांतरकार यांग कांग हान यांच्याच घरी राहत होत्या.

हा विवाह खरा मानायचा की सोयीचा? एक मत असे की चिनी रूढीतल्या दुय्यम पत्नीच्या नात्याला दिलेले ते कायदेशीर रूप होते. दुसरे मत, तो निव्वळ मालमत्ता वाचवण्याचा उपाय होता. १९३१ मध्ये अमलात आलेल्या चिनी कुटुंबकायद्याप्रमाणे विवाहाला उघड समारंभ आणि किमान दोन साक्षीदार लागत, आणि पत्नी असताना दुसरा विवाह करण्यास मनाई होती. वकिलाकडे झालेला कागद एवढ्यावरून या कसोटीला उतरतो असे म्हणणे कठीण आहे. मात्र कायद्याच्या निवाड्याने प्रश्न संपत नाही. १९४१ च्या डिसेंबरात हाँगकाँग पडल्यावर चिनी माणसाची पत्नी या दाव्यावरच हान यांची स्टॅन्ली येथील, शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठीच्या छावणीतली नजरकैद टळली. जपानी अधिकाऱ्यांनी तो मानला आणि तेवढ्यावर त्या व त्यांची तान्ही मुलगी कॅरोला बाहेर राहू शकल्या. कागदाचे वजन कचेरीगणिक वेगळे भरते, हे संग्रह वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शाव यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचे शेवटचे पान जागेवर मिळणार नाही. १९५८ मध्ये त्यांनी हान यांना जुन्या येण्यापोटी पैसे मागणारे पत्र लिहिले, ते चिनी अधिकाऱ्यांच्या हाती पडले आणि त्यावरून त्यांना अटक झाली, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. सुटका १९६२ मध्ये झाली. ज्या पत्राने लिहिणाऱ्याची चार वर्षे घेतली ते पत्र जिच्या नावाने होते तिच्या कागदांत नाही. सूची करणाराला न पोहोचलेल्या पत्रासाठी फोल्डर उघडता येत नाही.

*युद्धकाळातील खंड.* डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४३ हा संग्रहातला सर्वांत विरळ भाग. या काळात शत्रूच्या ताब्यातल्या मुलखाशी घरगुती संपर्काचा मार्ग म्हणजे रेडक्रॉसचा संदेश. त्याला सुमारे २५ शब्दांची मर्यादा असे, शिवाय तपासणी, आणि पोहोचायला कित्येक महिने. मुलीचे वडील, ब्रिटिश सैन्यातील मेजर चार्ल्स बॉक्सर, जखमी होऊन युद्धकैदी झाले होते. त्यांच्यासाठी हान यांनी १९४२ मध्ये शत्रुराष्ट्रांत अडकलेल्या नागरिकांच्या पहिल्या अदलाबदलीत जाणे टाळले.

सप्टेंबर १९४३ मध्ये त्या मुलीसह ‘तेइआ मारू’ या जपानी बोटीवर चढल्या. ही बोट गोव्यातील मुरगाव बंदरात आली. पोर्तुगाल तटस्थ असल्याने हे बंदर निवडले गेले होते. ऑक्टोबरच्या मध्याला येथे सुमारे दीड हजार अमेरिकन, कॅनेडियन व इतर लोक आणि जवळपास तितकेच जपानी यांची अदलाबदल झाली. जपान्यांना घेऊन ‘ग्रिप्सहोम’ ही स्वीडिश बोट आली होती. पोर्ट एलिझाबेथ व रीओ दे जानेरो करून ती १ डिसेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचली. हाँगकाँगमधून लिखाण बाहेर नेण्यावर कडक निर्बंध असल्याचे या अदलाबदलीतील प्रवाशांच्या आठवणींवरून दिसते. म्हणून हान यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेले चीनमधील आठवणींचे पुस्तक युद्धकाळापुरते स्मरणावर उभे आहे, तर शांघायच्या वर्षांसाठी घरी जपलेली पत्रे ताडायला मिळतात. जिथे पुस्तक आणि पत्र यांत फरक पडतो तिथे पत्राला झुकते माप द्यावे. फक्त आईला काय सांगायचे नव्हते याचा विचार करून.

*नंतरचा काळ.* १९४५ मध्ये हान व बॉक्सर यांचा विवाह झाला. बॉक्सर हे पोर्तुगीज साम्राज्याचे थोर इतिहासकार. गोवा, मकाव, बाहिया व लुआंडा येथील नगरसभांवरील त्यांचा ग्रंथ (१९६५) गोव्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. युद्धात जपान्यांनी नेलेले त्यांचे ग्रंथालय पुढे टोकिओत सापडले व बरेचसे परत मिळाले. आता तो संग्रह हान यांच्या कागदपत्रांबरोबर लिली ग्रंथालयातच आहे. १९५० च्या सुमारापासून करविषयक कारणांमुळे हान बहुतेक काळ न्यूयॉर्कला राहत व अधूनमधून इंग्लंडला जात. संसार टपालावर चालला, म्हणून उत्तरायुष्यातही कागद साचत राहिला. त्यांच्या पुस्तकांची संख्या कुणी ५२ देतात, कुणी ५४. बालवाङ्मय व पुनर्मुद्रणे कशी मोजावीत यावर हा फरक अवलंबून असावा.

*वापर.* लिली ग्रंथालयात नंतर आलेली भर मूळ मांडणीत मिसळली जात नाही. तिला त्याच नावाखाली पुढचा रोमन आकडा मिळतो. एकाच व्यक्तीची पत्रे त्यामुळे दोन-तीन ठिकाणी असू शकतात, तेव्हा सर्व भागांच्या सूच्या आधी पाहून खोकी मागवावीत. वाचनकक्षात पेन्सिल चालते, शाई नाही. एका वेळी एकच फोल्डर उघडावा आणि पानांचा क्रम मोडू नये, कारण बिनतारखेच्या पत्राचा शेजारी हाच कधीकधी त्याचा एकमेव पुरावा असतो. विमानडाकेचा कागद सालपटासारखा पातळ असून दोन्ही बाजूंनी टंकलेला असला की मागची अक्षरे पुढे उमटतात. छायाचित्र घेताना पानामागे काळा कागद सरकवला तर वाचता येते, पांढरा ठेवला तर दोन्ही बाजू एकत्र दिसतात. गंजलेल्या टाचण्या स्वतः काढू नयेत, कर्मचाऱ्यांना सांगावे.

उद्धृत करण्याचा हक्क वेगळा. कागद ग्रंथालयाचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. अमेरिकी कायद्याप्रमाणे अप्रकाशित पत्रांना लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण मिळते. त्यानुसार हान यांच्या पत्रांचा हक्क २०६७ अखेरपर्यंत व ससून यांच्या पत्रांचा २०३१ अखेरपर्यंत चालेल. म्हणजे एकाच फोल्डरमधल्या दोन पत्रांसाठी दोन वेगळ्या परवानग्या लागू शकतात.